सातपुड्याच्या पायथ्याची शाळा: विज्ञान-पर्यावरणाचं खरंखुरं काम कुठून सुरू करू? पोरांसाठी आणि आम्हा शिक्षकांसाठीही

पायथ्याची_बाई (यावल तालुका)

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यात सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. तिन्ही वर्गांची मिळून ६४ पोरं आहेत, निम्म्याहून जास्त तडवी आणि पावरा आदिवासी घरातली, बाकीच्यांचे आईबाप केळीच्या बागात मजुरीला जातात. प्रश्न जरा लांबलचक आहे पण वाचून घ्या.

मागच्या वर्षी इन्स्पायर मानक या शाळकरी पोरांच्या सरकारी विज्ञान योजनेत आमच्या आठवीतल्या एका मुलीची निवड झाली. गावभर पेढे वाटले. पण प्रदर्शनाची तारीख अचानक जवळ आली आणि मी घाईघाईत शहरातून एक तयार मॉडेल आणलं, पाण्याची टाकी भरली की वाजणारा अलार्म. परीक्षकांनी तिला विचारलं, बाळ तुझ्या घरी टाकी आहे का? ती म्हणाली, नाही, आम्ही हंडे भरतो. त्यापुढे तिला काहीच सांगता आलं नाही. परत येताना जीपमध्ये ती एक शब्द बोलली नाही, नुसती खिडकीतून बाहेर बघत बसली होती. चूक तिची नव्हती, माझी होती. ते अजून मनातून जात नाही.

त्यात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या परीक्षेवाले शाळेत फॉर्म घेऊन येतात, पोरामागे दीड-दोनशे रुपये घेतात आणि शेवटी सगळ्यांनाच मेडल. मजुरी करणाऱ्या बाईकडून ते पैसे मागताना माझी जीभ उचलत नाही.

तर मला विचारायचंय की पैसे न लागणारं किंवा अगदी कमी पैशात होणारं, पोरांना त्यांच्याच गावातलं विज्ञान आणि पर्यावरण समजेल असं काय आहे? कुठे नाव नोंदवायचं? दुसरं म्हणजे मला स्वतःला शिकायचंय, मी बीए डीएड आहे, विज्ञान माझ्या वाट्याला आलं आणि नंतर आवडायला लागलं, पण प्रयोग करताना हात कचरतो. आणि तिसरं, माझी एक जुनी विद्यार्थिनी फैजपूरला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, तिला या क्षेत्रात काहीतरी करायचंय, पण तिला सगळे फक्त स्पर्धा परीक्षाच सांगतात. तिच्यासाठी पण कुणी सुचवा.

शिरपूरचा_मास्तर

बाई, तुमचं ते जीपमधलं वाचलं आणि दोन मिनिटं थांबलो. २२ वर्षं झाली शिकवतोय, माझ्याकडूनही असं झालेलं आहे म्हणून सांगतो, मनाला लावून घेऊ नका पण पुढच्या खेपेला उलटं करा. आपण आधी स्पर्धा बघतो आणि मग पोराला विषय शोधतो. आधी वर्षभर गावातली एखादी गोष्ट मोजायला लावा, स्पर्धेचा फॉर्म मग त्यातूनच भरता येतो.

इन्स्पायर मानकचं म्हणाल तर ते सोडू नका, चांगली योजना आहे. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाची, सोबत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान असतं, शाळेनं सहावीपासूनच्या पोरांच्या ५ कल्पना ऑनलाइन पाठवायच्या आणि निवड झाली की पोराच्या खात्यात १०,००० रुपये येतात. लक्षात घ्या, तिथे 'कल्पना' मागतात, मॉडेल नंतर. मी काय करतो, जूनमध्ये वर्गात एक खोका ठेवतो आणि पोरांना सांगतो की घरात, शेतात कुणाला काय त्रास होतो ते चिठ्ठीवर लिहून टाका. उपाय लिहू नका, फक्त त्रास लिहा. एकीनं लिहिलं होतं की आई कापूस वेचते तेव्हा बोंडाची टोकं नखात घुसतात. एकानं लिहिलं आजोबांना रात्री मोटार चालू करायला जावं लागतं आणि साप निघतात. यातून जे निघतं ते पोराचं स्वतःचं असतं, त्याला परीक्षकांनी काहीही विचारलं तरी ते बोलतं कारण ते त्याच्या घरातलं आहे. तुमच्या त्या मुलीनं हंड्यांवरच काहीतरी केलं असतं तर ती अर्धा तास बोलली असती बघा.

आता मोजायचं काय. आमच्या शाळेत चार वर्षांपासून विहिरीचं पाणी मोजतो. शिरपूर पॅटर्न तुम्ही ऐकलाच असेल, सुरेश खानापूरकर साहेब, भूगर्भशास्त्रज्ञ, त्यांनी २००४ पासून आमच्या तालुक्यात नाले रुंद आणि खोल केले, बंधारे बांधले, विहिरींचं पुनर्भरण केलं. पोरांना ते ऐकून माहीत असतं पण पाणी खरंच किती वर आलं हे कुणी मोजत नाही. साधन काय तर दोरी आणि स्टीलची वाटी, बस. वाटी उलटी बांधायची, दोरीला दर फुटावर गाठ मारायची, कठडा असलेल्या विहिरीवरच जायचं आणि मोठं माणूस सोबत पाहिजेच पाहिजे. वाटी खाली सोडली की पाण्याला टेकताच 'डब्ब' असा आवाज येतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला की पोरं एकदम गप्प होतात आणि मग सगळ्यांना दोरी हातात पाहिजे असते. दोरी तिथेच धरायची, वर ओढायची, गाठी मोजायच्या आणि कठड्याची उंची वजा करायची. झालं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा मोजते, आमची पोरं दर शनिवारी मोजतात. चार वर्षांचा आलेख भिंतीवर रंगवलाय. पावसाळ्यात रेघ वर जाते, रब्बीची पाणी भरणी सुरू झाली की घसरते, गावातली माणसं येऊन उभी राहून बघतात. एक शेतकरी मला म्हणाला, सर यावर्षी गहू कमी करतो, हरभरा घेतो. सातवीतल्या पोरांनी काढलेली रेघ बघून म्हणाला हे, म्हणून मला त्याचं फार वाटतं.

तुमचा भाग डोंगराच्या कुशीतला, तिथे दगडगोट्यांचा थर आहे आणि पाणी फार लवकर मुरतं, तुमची रेघ आमच्यापेक्षा वेगळी येईल. चार वर्षांनी दोन्ही शाळांच्या रेघा शेजारी ठेवू.

केळीवाला_रावेर

मी शिक्षक नाही, पालक आहे, केळीवाला आहे, तरी लिहितो. ताई, तुमच्या पोरांसाठी तापमान मोजणं ठेवा, आणि का ते सांगतो.

आमच्याकडे केळीचा विमा हवामानावर आधारित आहे. म्हणजे बागेचं नुकसान किती झालं ते बघायला कुणी बागेत येत नाही, महसूल मंडळात जे हवामान केंद्र बसवलंय त्याच्या आकड्यावर ठरतं की किती दिवस तापमान ठरलेल्या हद्दीच्या वर गेलं किंवा थंडीत खाली आलं. आता हे केंद्र कसं चालतं, थर्मामीटर कुठे आणि किती उंचीवर लावतात, सावलीत का लावतात, हे आमच्यातल्या दहातल्या नऊ जणांना माहीत नाही. नुसतं पारावर बसून आमच्याकडे जास्त होतं, केंद्रावर कमी दाखवलं असं बोलतो. मोबाईल उन्हात धरून ५० दाखवतो म्हणून भांडणारे पण पाहिलेत. माझ्या पोराला हे त्याच्या शाळेत शिकवलं असतं तर त्यानं मला शिकवलं असतं.

म्हणून सांगतो, थर्मामीटर उन्हात ठेवायचा नाही, भिंतीला चिकटवायचा नाही, जमिनीपासून साधारण चार-पाच फुटांवर, हवा खेळेल अशा सावलीत. पांढरा रंग दिलेली, बाजूला फटी असलेली लाकडी पेटी सुताराकडून करून घेता येते, केळीच्या खोक्याच्या फळ्या चालतात. मग एक शाळेत, एक निंबाच्या झाडाखाली आणि एक केळीच्या बागेत आतमध्ये. बागेत आत गेलं की गारवा अंगाला कळतो पण किती अंशांचा फरक ते पोरांनी वहीत लिहावं. वारा अडवायला आम्ही बांधावर शेवरी लावतो, ती नसलेल्या बागेत काय होतं तेही बघता येईल. थंडीत तर सकाळी सहालाच मोजायला पाहिजे, कांदेबाग, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी, तेव्हा कोवळा असतो आणि गारठ्यानं वाढ थांबते.

दुसरं, केळीची खोडं. घड कापला की खोड बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला पडतं, सडतं, चिलटं होतात. एकाच वजनाची खोडं दोन खड्ड्यात टाका, एकात तुकडे करून शेणकाला घालून, दुसऱ्यात तशीच अख्खी. दर आठवड्याला खड्ड्यात थर्मामीटर खुपसून आतली उष्णता लिहा. कुजताना आतून किती तापतं ते बघून पोरं हात मागे घेतील. तीन महिन्यांनी दोन्हीतलं बघा.

माती परीक्षणासाठी आणि पोरांना दाखवायला आपल्या रावेर तालुक्यात पालचं कृषी विज्ञान केंद्र आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. आधी पत्र देऊन गेलात तर तिथली माणसं नीट वेळ देतात, माझा अनुभव आहे. करपा (बुरशीचा) आणि सीएमव्ही (विषाणूचा) या केळीच्या दोन रोगांतला फरक पानावर दाखवून सांगतात. सहावीतल्या पोरानं बापाला सांगितलं की बाबा हे पान सीएमव्हीचं आहे, झाड उपटा, तर त्या बापाचा आख्खा बाग वाचू शकतो, कारण मावा नावाची बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर हा रोग नेते.

चोपडा_गुरुजी

सगळं पटतंय पण एक विचारतो, हे करायचं कधी? ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराची नोंद, निवडणुकीचं काम, चाचण्या, त्यात आमच्या वस्तीवर रेंज नाही. दोन शिक्षकी शाळेत मी चार इयत्ता सांभाळतो. मला पण मनापासून करायचंय, म्हणूनच विचारतोय.

शिरपूरचा_मास्तर

गुरुजी, खरं आहे तुमचं. मी वेगळा तास घेत नाहीच. परिपाठात सुविचार, दिनविशेष होतो ना, त्यालाच जोडून 'आजचा पाऊस, आजचं तापमान' एक मुलगा वाचतो. एक मिनिट. मोजायचं काम पोरंच करतात, पाळी लावून दिलीय, मी फक्त वही बघतो. आणि रेंज लागतच नाही, वही आणि पेन लागतं.

पर्जन्यमापक तर आठवीच्या पोरी दहा मिनिटात करतात. सरळ बाजूची मोठी बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, तळाचा गोलवा भरून काढायला खडे टाकायचे आणि खड्यांवर येईल इतकं पाणी घालून तिथे शून्याची खूण करायची, त्याच्या वर पट्टी चिकटवायची. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे एकदा समजलं की गणित सुरू. वर्गाचं छत ५० चौरस मीटर धरा, १० मिलिमीटर पाऊस झाला तर ५०० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून गेलं. पोरं लगेच हंड्यात मोजतात.

पळसाची_नोंद (नवापूर)

ताई, मी एमएस्सी वनस्पतीशास्त्र केलंय, सध्या गावातल्या दोन आश्रमशाळांमध्ये जाऊन झाडांच्या नोंदी शिकवते, त्यामुळे तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही प्रश्नांवर लिहिते.

पोरांसाठी सीझनवॉच बघा. शाळेनं नाव नोंदवायचं, मोफत आहे, एकेका गटानं एक झाड दत्तक घेतल्यासारखं घ्यायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडाकडे जाऊन बघायचं. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, प्रत्येकाला नाही, थोडी की भरपूर एवढंच लिहायचं. हवामान बदलतंय तर झाडांचं वेळापत्रक बदलतंय का, हे शोधायला देशभरातल्या शाळांच्या नोंदी एकत्र येतात. तुमच्याकडे बहावा, पळस, चिंच, आंबा असणारच. माझ्या पोरांना मी पहिल्या दिवशी पळसाखाली नेलं, तर एक पावरा मुलगा म्हणाला मॅडम हे झाड फुललं की आमच्याकडे होळी जवळ आली म्हणतात, आणि त्यानं मला फुलं आधी डोंगराच्या कोणत्या बाजूला येतात ते सांगितलं. मला पुस्तकात हे कुठेच मिळालं नव्हतं. तडवी-पावरा पोरांना वर्गात आपण म्हणतो 'लक्ष नाही', पण मोहाखाली उभं केलं की तीच पोरं आपल्याला शिकवतात. आधी त्यांच्या भाषेतली झाडांची नावं लिहून घ्या, मग मराठी, मग शास्त्रीय.

पक्ष्यांसाठी फेब्रुवारीत चार दिवस पक्षीगणना असते, एका ठिकाणी किमान १५ मिनिटं थांबून दिसले ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदीच्या वेबसाइटवर भरायचे. नेट नसेल तर कागदावर लिहून नंतर भरलं तरी चालतं. जमलं तर हिवाळ्यात एकदा हतनूरला घेऊन जा, तापी-पूर्णेचं पाणी तिथे अडतं आणि बदकांचे थवेच्या थवे उतरतात. एका दुर्बिणीवर ३० पोरं होती माझ्याकडे, तरी दोन तास एकाही पोरानं घरी जायचं नाव काढलं नाही.

ढगांसाठी ग्लोब ऑब्झर्व्हर नावाचं ॲप आहे, नासाच्या ग्लोब कार्यक्रमातलं. आकाशाचे फोटो काढून ढगांची नोंद पाठवायची, शाळेत एक मोबाईल असला तरी पुरतो. कागदी सूक्ष्मदर्शक फोल्डस्कोप पण मागवा, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटानं केलेलं, साधारण १४० पट मोठं दाखवतं, दुमडून खिशात राहतं. आमच्याकडे कांद्याच्या पातीचा पापुद्रा बघितला, मग एकीनं स्वतःहून शेवाळ आणलं हंड्याच्या बुडाचं.

आता तुमच्या बीएस्सीवाल्या मुलीसाठी. तिला सांगा, आताच शाळेतल्या नोंदींचं काम तुमच्यासोबत सुरू कर, कारण पुढे कुठेही अर्ज केला की 'तू काय केलंस' हेच विचारतात. मुंबईच्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) वनस्पती, पक्षी, फुलपाखरं यांचे अभ्यासक्रम असतात, नोकरी-कॉलेज सांभाळून करता येण्यासारखे. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवर पर्यावरणाचे कोर्स मोफत शिकता येतात, परीक्षेलाच फी लागते. आणि हाताने काम करायची आवड असेल, किंवा शाळा सुटलेला तिचा कुणी भाऊ वगैरे असेल, तर पुणे जिल्ह्यात पाबळचा विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे, वेल्डिंग, बांधकाम, वीज, सौर, शेती, सगळं प्रत्यक्ष करत शिकवतात. मी आठ दिवस राहून आलेय, तिथल्या पोरांचे हात बघितले की कळतं शिकणं म्हणजे काय.

धुळ्याची_स्मिता

मी साक्री तालुक्यात शिकवते. भलतं भारी काम करी राहिनात ताई तुम्ही!

मला बाहेर न्यायच्या जागांबद्दल सांगायचंय. सहल म्हटली की आपल्याकडे देवस्थान आणि वॉटरपार्क. आमच्या तालुक्यातलं बारीपाडा घ्या, चैत्राम पवारांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन उजाड झालेलं जंगल परत उभं केलं, २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, बाया रानातल्या भाज्या शिजवून मांडतात. आम्ही पोरांना घेऊन गेलो तेव्हा पोरांनी भाजीचं नाव, कुठे मिळते, कोणत्या महिन्यात मिळते, कशी शिजवतात असे चार रकाने करून आणले. नंतर हेच त्यांनी आपापल्या आज्यांना विचारलं आणि घरोघरच्या मिळून कितीतरी निघाल्या. पांझरेवरची फड पद्धत अशीच, शेकडो वर्षं नदीच्या उतारावर पाणी अडवून पाटानं वाटलं गेलं, डिझेल नाही वीज नाही. पाटकऱ्यासोबत, म्हणजे पाणी वाटणाऱ्या माणसासोबत, पाटाच्या कडेनं एक फेरी मारली की पोरांना उतार, वेग, वाटणी सगळं समजतं. तिथून वर ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेतच, एकाच दिवसात जुनं आणि नवं दोन्ही होतं.

शिक्षकांसाठी: आयसर पुणे या विज्ञान संस्थेचं सायन्स ॲक्टिव्हिटी सेंटर बघा, शिक्षकांच्या कार्यशाळा घेतात आणि कमी खर्चातले प्रयोग असतात. पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर टाकाऊतून खेळणी आणि हजारो पुस्तकं मोफत आहेत, मराठी पण खूप. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे 'विज्ञान प्रतिभा'चे पाठ आठवी ते दहावीसाठी आहेत, ते मोफत उतरवता येतात. हात कचरतो म्हणालात ना, मी प्रत्येक प्रयोग आदल्या रात्री स्वयंपाकघरात दोनदा करून बघायचे. फसला तर वर्गात तसाच परत फसवून दाखवायचा आणि का फसला ते पोरांना शोधायला लावायचं. त्या तासाला पोरं सगळ्यात जास्त बोलतात.

आणि शाळेचंच ऑडिट करायचं असेल तर दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेचा ग्रीन स्कूल्स कार्यक्रम मोफत आहे, हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी, कचरा असे सहा भाग, पोरांनीच मोजून भरायचे. आम्ही फक्त पाणी आणि कचरा केलं पहिल्या वर्षी. सगळं एकदम घेऊ नका.

सावली_मोजणारा (चाळीसगाव)

थोडं आमच्याकडचं. पाटणादेवीच्या देवळात शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला त्याची नोंद आहे त्यात. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. म्हणजे खानदेशात ८०० वर्षांपूर्वी गणित-ज्योतिष शिकायला माणसं येत होती. पोरांना हे सांगून नुसता अभिमान देऊ नका, काठी द्या.

एक सरळ काठी जमिनीत उभी रोवायची, ओळंब्यानं सरळ आहे का बघायचं आणि साडेअकरापासून एकपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सगळ्यात आखूड सावली म्हणजे तिथली खरी मध्यान्ह, आणि ती घड्याळाच्या बारा वाजता येत नाही! माझ्या वर्गात या एका गोष्टीवर दोन तास चर्चा चालली. वर्षातून दोनदा आपल्याकडे मध्यान्ही सावली नाहीशी होते, जळगावच्या पट्ट्यात २५ मेच्या आसपास आणि परत जुलैच्या मध्यानंतर. मे मध्ये सुट्टी आणि जुलैत ढग, पण ढग फाटला आणि दहा मिनिटं ऊन पडलं तरी पुरतं. यावेळी मैदानात बादल्या, बाटल्या, खांब जे असेल ते उभं करून ठेवा. यावल चाळीसगावच्या उत्तरेला आहे त्यामुळे तुमचा आणि आमचा दिवस एक नाही, तीन-चार दिवसांचा फरक पडतो. तुम्ही तुमची सावली मोजा, आम्ही आमची मोजतो, दोन्ही शाळा फोनवर बोलतील. यातून पोरांना पृथ्वी गोल आहे हे स्वतःच्या अंगणातून कळतं.

पायथ्याची_बाई (यावल तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काल खोका ठेवला वर्गात, स्वाध्याय पुस्तिकांचा रिकामा. ४१ चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या ९ पाणी आणण्याबद्दल आहेत. एका सहावीतल्या मुलीनं लिहिलंय, 'हंडा डोक्यावरून उतरवताना पाणी सांडते आणि आई रागावते, पण तिचा पण सांडतो'. मी ती चिठ्ठी घेऊन मागच्या वर्षीच्या त्या मुलीकडे गेले, ती आता नववीला शेजारच्या गावी जाते. म्हटलं यावर काय करता येईल? तिनं बराच वेळ चिठ्ठी धरून ठेवली आणि म्हणाली, मॅडम आधी किती सांडतं ते मोजायला पाहिजे ना. विहिरीवर भरल्यावर आणि घरी पोचल्यावर, रोज दोन्हीकडे हंड्यात पट्टी बुडवून बघते म्हणाली.

पर्जन्यमापक आठवीच्या पोरींनी केला, पहिलाच जरा वाकडा कापला गेला, दुसरा छान झाला. आज सकाळी परिपाठात पहिली नोंद वाचली, ४ मिलिमीटर. सीझनवॉचसाठी पोरांनी पाच झाडं निवडली, मोह, चिंच, बहावा, पळस आणि हातपंपाजवळचा निंब. मोहाला पोरं काय म्हणतात ते वहीत तीन भाषांत लिहिलंय. फैजपूरच्या मुलीला हा सगळा धागा पाठवला, ती रविवारी येणार आहे वह्या आखून द्यायला. आयसरच्या कार्यशाळेसाठी मुख्याध्यापकांशी बोलले, तारीख कळली की अर्ज देते.

तापमानाची पेटी राहिलीय. रावेरच्या भाऊंना एक विचारायचंय, केळीच्या खोक्याच्या फळ्या कुठे मिळतील आणि फटी किती ठेवायच्या?

केळीवाला_रावेर

ताई फळ्या विकत घेऊ नका, माझ्याकडे पडलेल्या आहेत. फटी बोटभर ठेवायच्या, फळ्या तिरप्या बसवायच्या, खाली उतरत्या, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि वारा जातो. दार उत्तरेला ठेवा, उघडल्यावर ऊन पडायला नको. गुरुवारी यावलच्या बाजाराला येतोय, सुतार पण सोबत आणतो. पोरांना सांगून ठेवा, खिळे त्यांनीच ठोकायचे.